नागपूरच्या ऊन-पावसात बियांपासून फुलवेली

मार्च लागला की आमच्या गल्लीत कुणीतरी हमखास बियांची पाकिटं दाखवायला घेऊन येतं. पुढे निळ्याशार फुलांचा फोटो आणि मागे सूचना, ‘वसंत ऋतूत पेरा’. ही सूचना थंड देशातल्या वसंतासाठी लिहिलेली असते. आपल्याकडे मार्चमध्ये उगवलेलं रोप नीट अंग धरायच्या आत नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, येतो, पारा ४५च्या पुढे सरकतो आणि स्लॅबवरच्या कुंडीला हात लावला तर चटका बसतो. म्हणून नागपुरात बियांपासून वेली करायच्या असतील तर पाकीट फोडायच्या आधी कॅलेंडर बघा. नव्या माणसाचा हंगाम वाया जातो तो बहुतेक तारीख चुकल्यामुळे. माती, खत, औषध यांचा नंबर त्यानंतर लागतो.

पेरणीच्या दोन वेळा

फुलवेलींसाठी आपल्या हाती वर्षातून दोन वेळा येतात. पहिली पावसाळी. मृग लागून गेलेला असतो, जूनच्या मध्याच्या आसपास पाऊस येतो, दोन-तीन दमदार सरी पडतात आणि हवेतला भाजरेपणा जातो. तेव्हापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत गोकर्ण, गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी आणि मूनफ्लॉवर पेरून घ्यायच्या. पहिल्या शिडकाव्यावर भुलू नका. कापूस-सोयाबीनवाला शेतकरी जमीन पुरती ओली व्हायची वाट बघतो, तेवढा धीर आपणही धरायचा. अंगणात पेरणार असाल तर हे अगदी काटेकोर पाळा. कुंडीत पाणी आपल्या हातात असतं, पण पावसाने दडी मारली की ऊन पुन्हा मेच्या वळणावर जातं आणि दोन पानांचं रोप एका दुपारी करपतं.

दुसरी वेळ दसऱ्यानंतरची. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्वीट पी आणि वेलीचं नॅस्टर्शियम पेरायचं. या थंडी मागणाऱ्या वेली आहेत. स्वीट पी मूळची भूमध्य समुद्राकडची. सिसिली बेटावरच्या फ्रान्चेस्को कुपानी नावाच्या धर्मगुरूने तिचं बी १६९९मध्ये इंग्लंडला पाठवलं आणि तिथून ती जगभर गेली. तिच्या मूळ गावी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. थंडीत वाढायचं, ऊन तापायच्या आत बी धरायचं आणि संपायचं, असा तिचा स्वभाव त्या हवेतून आला आहे. नागपूरचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिला मानवतो. मार्चच्या पहिल्या उन्हात ती पिवळी पडते, तेव्हा पाणी घालून तिला वाचवायची धडपड करू नका, तिचं आयुष्य तेवढंच असतं.

मॉर्निंग ग्लोरी आणि गणेशवेल अमेरिकेच्या उष्ण भागातल्या, त्यांना ऊब आणि दमटपणा हवा. यांच्या बाबतीत दिवसाची लांबीही लक्षात ठेवा. मॉर्निंग ग्लोरीच्या बऱ्याच जाती दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरतात. जूनमध्ये पेरली तर ती आधी भरपूर चढते आणि मग फुलते. ऑगस्टच्या शेवटी पेरली तर दीड-दोन फुटांवरच फुलायला लागते आणि मांडव उघडा राहतो.

पहिल्या वर्षी काय लावावं

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या पावसाळ्यात गोकर्ण आणि गणेशवेल, बस. दोन्ही चिवट आहेत आणि दोघींचं बी शेजारीपाजारी सहज मिळतं.

गोकर्ण तशी बारमाही वेल, पण पेरल्यावर दीड-दोन महिन्यांत फुलते, म्हणून हंगामी वेलीसारखी दरवर्षी नव्याने पेरलेली उत्तम. निळी, पांढरी, एकेरी, दुहेरी, सगळी बियांपासून येते. पश्चिमेच्या गॅलरीतलं दुपारचं ऊन सोसणारी माझ्या पाहण्यातली ही एकच फुलवेल. देवाला फुलं होतात, आणि चार पाकळ्या गरम पाण्यात टाकून लिंबू पिळलं तर निळं पाणी जांभळं होतं. घरातल्या लहान मुलांना बागेकडे वळवायला मला याहून सोपी युक्ती सापडलेली नाही.

गणेशवेल जूनमध्ये पेरली की गणपतीच्या सुमारास फुलते. पिसासारखी बारीक पानं आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या लालभडक चांदण्या. त्या लाल नळीतल्या मधासाठी शिंजीर हा चिमुकला पक्षी येतो. सकाळी सात-आठच्या सुमारास चहा घेऊन शांत उभं राहिलं तर तो तीन हातांवरून चोच घालताना दिसतो.

मॉर्निंग ग्लोरी पूर्वेच्या गॅलरीसाठी ठेवा. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ढगाळ दिवशी दुपारपर्यंत टिकतं. उशिरा उठणाऱ्यांनी किंवा सकाळीच ड्यूटीवर जाणाऱ्यांनी मूनफ्लॉवर लावावी. तिची कळी छत्रीसारखी पिळलेली असते. दिवेलागणीला ती सैल होते, थरथरते आणि बघता बघता तळहाताएवढं पांढरं सुवासिक फूल समोर येतं. आमच्याकडे त्या वेळी टीव्ही बंद करून सगळे गच्चीवर जातात.

काळ्या डोळ्याची केशरी थनबर्जियाही चांगली, ऑगस्टअखेरीस पेरा, हिवाळाभर फुलते. आणि फुलांबरोबर भाजीही हवी असेल तर जांभळ्या फुलांचा वाल लावा, आपल्याकडे काही जण त्याला पोपट म्हणतात. जुलैत पेरला की दिवाळीच्या आसपास तुरे येतात आणि पाठोपाठ शेंगा. उत्तरेच्या गॅलरीत ऊन येतच नसेल तर यातलं काहीही लावू नका. रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर नुसती पानं मिळतात.

बी पारखणं आणि बी जागं करणं

एका वर्षी मी एका दुकानातून मॉर्निंग ग्लोरीची चार पाकिटं आणली. छपाई सुरेख, पण वर तारीख कुठेच नव्हती. पंधरा दिवस रोज कुंडीत डोकावले, एकही कोंब आला नाही, आणि तोवर जुलै संपत आला होता. तेव्हापासून पॅकिंगची तारीख नसलेलं पाकीट मी घेत नाही आणि पेरण्याआधी उगवण तपासते. शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात, तीच रीत. आपल्याला दहा बिया आणि ओला सुती रुमाल पुरतो. दहातल्या सहा-सात उगवल्या तर बी चांगलं. तीन-चारच उगवल्या तर दुप्पट पेरायचं.

पण ही चाचणी करायच्या आधी आणि पेरतानाही एक काम करावंच लागतं. गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी, मूनफ्लॉवर आणि स्वीट पी, या सगळ्यांच्या बियांचं साल कठीण असतं. पाणी आत शिरत नाही तोवर बी महिनोन् महिने मातीत तसंच पडून राहतं. नवखा माणूस बी खराब म्हणून कुंडी ओतून देतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच ओतलेल्या मातीत वेल उगवते.

गोकर्णाचं एक बी चिमटीत धरून उजेडात बघा. मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी, त्यावर गडद ठिपके. एका कडेला लहान पांढुरकी खूण असते, तो बियाचा डोळा. कोंब तिथून येतो, म्हणून तिथे हात लावायचा नाही. डोळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला नेलकटरने सालाचा अगदी बारीक टवका काढा. आतला फिका दल, म्हणजे गर, ठिपक्याएवढा दिसला की थांबा. टकटक करून बी सटकून उडतं, म्हणून हे काम परातीत हात धरून करावं. बिया जास्त असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा, दोन तुकड्यांमध्ये बिया ठेवून हलक्या हाताने घासा, चमक गेली की पुरे. मूनफ्लॉवरचं बी हरभऱ्याएवढं आणि फार टणक असतं, त्याला पॉलिश पेपरच सोयीचा.

मग बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी जागी झालेली बी दुप्पट फुगलेली असते. जी तशीच बारीक राहिली तिला पुन्हा टवका मारा आणि परत भिजवा. चोवीस तासांवर पाण्यात ठेवू नका, बी गुदमरून कुजते. गणेशवेलीची बी नाजूक, तिला टवका नको, भिजवणं पुरतं. नॅस्टर्शियमलाही तेवढंच.

आणखी एक, स्वीट पीच्या बिया वाटाण्यासारख्या दिसतात पण विषारी आहेत. आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीच्या कुळातलीच ती वेल. मॉर्निंग ग्लोरी आणि मूनफ्लॉवरच्या बियाही पोटात जाता कामा नयेत. भिजवलेली वाटी ओट्यावर ठेवू नका, कुणीतरी भाजीत टाकेल किंवा लेकरू तोंडात घालेल.

माती आणि कुंडी

नागपूरची काळी माती कसदार, पण कुंडीत एकटी वापरली तर पावसात तिचा चिखल होतो आणि कोरडी झाली की भेगा पडून मुळं तुटतात. मी एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग जाड रेती घेते, वर एका कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, वापरू नका. कुंडी किमान बारा इंची, स्वीट पीसाठी उंच. तळाच्या भोकावर फुटक्या कवेलूचा (कौलाचा) तुकडा पालथा ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. पावसाळ्यात कुंडीखालच्या तबकड्या काढूनच टाका. मुळं कुजतात ते वेगळंच, पण त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

नॅस्टर्शियमला मात्र खत घालू नका. हलक्या, भुकेल्या मातीत ते फुलतं, श्रीमंत मातीत नुसती गोल पानं धरतं.

पेरणी आणि पहिले पंधरा दिवस

या वेलींची मुळं हलवलेली त्यांना आवडत नाहीत, म्हणून शक्यतो जिथे वाढवायची तिथेच पेरा. बारा इंची कुंडीत पाच-सहा बिया, बोटाचं अर्धं पेर खोल, आणि उगवल्यावर दमदार दोन-तीन ठेवून बाकीची कात्रीने कापून टाका. उपटलं तर शेजारचं मूळ दुखावतं. आधी सावलीत रोप करायचंच असेल तर वर्तमानपत्राच्या कागदाचा फुटाण्याच्या पुडीसारखा कोन करा, त्यात माती भरून एकेक बी लावा आणि लावताना तळाचा कागद फाडून पुडीसकट मातीत बसवा.

गणेशवेल चार-पाच दिवसांत वर येते, मॉर्निंग ग्लोरी आठवड्यात, गोकर्ण आणि स्वीट पी दोन आठवड्यांपर्यंत वेळ घेतात. गणेशवेलीची पहिली दोन पानं बघून लोक गोंधळतात. ती पिसासारखी नसतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी लांब फाटलेली असतात. दरवर्षी कुणीतरी तण समजून ती उपटतं. मॉर्निंग ग्लोरीची पहिली पानं रुंद असतात आणि टोकाशी फुलपाखराच्या पंखासारखी खाच असते. स्वीट पीची दलं, म्हणजे बियाच्या दोन फोडी, मातीतच राहतात, वर येतो तो थेट कोंब.

ऑक्टोबरच्या उन्हात स्वीट पीची पेरणी अवघड जाते. माती तापलेली असली तर बी कुजते. मी कुंडी कोंब दिसेपर्यंत जिन्याखालच्या सावलीत ठेवते, वर ओलं गोणपाट, आणि कोंब दिसला त्याच दिवशी गोणपाट काढून सकाळच्या उन्हात. एक दिवस उशीर केला तर रोप लांबुळकं, फिकं होतं. तीन जोड पानं आली की शेंडा खुडा. मन होत नाही, पण खुडलंच पाहिजे. बुडातून दोन-तीन फांद्या फुटतात आणि फुलं त्यांच्यावर येतात.

या काळातलं सर्वांत मोठं संकट म्हणजे रोप अचानक बुडाशी पिचून आडवं होणं. बुरशीमुळे होतं, आणि बुरशी होते सततच्या ओलीमुळे. पेरल्यावर मातीवर रेतीचा पातळ थर द्या, पाणी सकाळी घाला, आणि झडीच्या दिवसांत कुंड्या छज्जाखाली सरकवा. एक रोप पडलं तर ते लगेच काढून दूर टाका.

चढण्याची सोय

प्रत्येक वेल सारखी चढत नाही, आणि आधार देताना लोक इथेच चुकतात. गोकर्ण, गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी, मूनफ्लॉवर, थनबर्जिया आणि वाल या खोडानेच गुंडाळत वर जातात. त्यांना उभी, बारीक वस्तू हवी. सुतळी, तार, करंगळीएवढी काठी. जाड खांबाला त्या गुंडाळू शकत नाहीत, भिंतीला तर चिकटतच नाहीत. स्वीट पी पानाच्या टोकाच्या तणाव्याने पकडते. तो तणावा दोऱ्याएवढा बारीक, त्याला जाळी किंवा काटक्याच पकडता येतात. नॅस्टर्शियम पानाच्या देठाने अडकतं आणि त्यालाही मधूनमधून दोऱ्याने बांधावं लागतं.

मॉर्निंग ग्लोरीचा शेंडा एकदा सकाळी नीट बघा आणि तो कुठे वळला आहे ते भिंतीवर खडूने खुणा करून ठेवा. दोन तासांनी बघितलं तर तो दुसरीकडे तोंड करून असतो. आधार सापडेपर्यंत शेंडा हवेत गोल फिरत राहतो, वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. चार्ल्स डार्विनने १८६५मध्ये वेलींच्या या फिरण्यावर मोठा निबंध लिहिला होता. आपल्या कामाचं यात एवढंच की वेल हाताने गुंडाळायची असेल तर तिच्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली की ती स्वतःला सोडवून घेते आणि त्यात शेंडा मोडतो.

स्वीट पीसाठी मला तुराट्यांइतकं काही आवडत नाही. गावाकडे तूर निघाली की तुराट्या मिळतात, मी आदल्या वर्षीच्या जपून ठेवते. त्यांच्या बारीक फांद्या तणाव्यांना अगदी मनासारख्या सापडतात. पावसाळी वेलींसाठी वर एक तार किंवा नायलॉनची दोरी घट्ट ताणा, खाली कुंडीपर्यंत सुतळ्या सोडा आणि वेल येण्याआधी हे सगळं तयार ठेवा. भिजलेली वेल फार जड होते आणि गच्चीवरचा वारा तिला खेचतो, म्हणून भार वरच्या तारेवर यायला हवा. सुतळी असली की हंगाम संपल्यावर वेलीसकट कापून खताच्या खड्ड्यात टाकता येते. अंगणात बांबूच्या कमच्यांची ताटी केली तर दोन-तीन हंगाम निघतात.

पाणी, खत, कीड

पावसाळ्यात पाऊस नसेल तेव्हाच पाणी. बोट पेरभर मातीत घाला, ओल लागली तर घालू नका. हिवाळ्यात स्वीट पीला एक दिवसाआड, बुडाशी, पानांवर नाही.

खताचा हात आखडता ठेवा. गोकर्ण, वाल आणि स्वीट पी शेंगवर्गातल्या आहेत, त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. युरिया घातला की हिरवागार मांडव होतो आणि फूल एक नाही. कळ्या दिसायला लागल्या की दोन मुठी शेणखत आणि चिमूटभर लाकडाची राख पुरे.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, नाही गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. फेब्रुवारीत स्वीट पीवर पांढरी भुरी दिसते, ती पानं काढून टाका. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, रोप दोन पानांचं असताना त्या एका रात्रीत कुंडी साफ करतात.

फुलं तोडा. स्वीट पीची तर दर दोन दिवसांनी तोडाच, घरात ग्लासात ठेवा, शेजारी द्या. एकदा शेंगा धरल्या की वेलीला वाटतं आपलं काम झालं, आणि ती फुलायची थांबते.

बी धरणं

हंगामाच्या शेवटी सगळ्यांत जोमदार वेलीवरच्या दहा-बारा शेंगा मुद्दाम राखा. गोकर्णाची शेंग वाळून तपकिरी झाली की उन्हात आपोआप पिळून फुटते आणि बी उडते, म्हणून फुटायच्या आत तोडा. मॉर्निंग ग्लोरीचं बोंड कागदासारखं कुरकुरीत झालं की चोळा, आत काळ्या तिकोनी बिया असतात.

मॉर्निंग ग्लोरी आणि गणेशवेलीची उरलेली बोंडं मात्र कुंडीत किंवा बांधावर सांडू देऊ नका. तळ्याकाठी आणि नाल्यांत माजलेला बेशरम तुम्ही पाहिला असेल, या वेली त्याच्याच कुळातल्या. फूल शेजारी धरून बघा, ठेवण तीच. बोंडं वेळेवर काढली तर त्या आपल्या मांडवावरच राहतात. शेताला लागून घर असेल तर मी मॉर्निंग ग्लोरी लावूच नका म्हणेन, गोकर्ण लावा.

बिया सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पुड्यांत भरा आणि पुडीवर नाव, रंग, वर्ष लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. पुड्या स्टीलच्या डब्यात, तळाशी थोडी कोरडी राख. माझ्याकडे असे दोन डबे आहेत. एकावर ‘मृग’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘दसरा’. दोन्ही कूलरपासून लांब, आतल्या खोलीतल्या फळीवर असतात, आणि आपापल्या दिवसाआधी मी ते उघडत नाही.